बाइकच्या पेट्रोल टाकीत पाणी शिरतं कुठून? झाकणाखालचं भोक बघा

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की कमेंटमध्ये तोच प्रश्न येतो: "कार्बोरेटर साफ करून घेतला, आठ दिवसांत गाडी पुन्हा गचके खायला लागली. कुठला फिल्टर लावू?" फिल्टरचं सांगतो, पण शेवटी. कारण फिल्टर कचरा अडवतो, पाणी अडवत नाही. आणि पाणी आत येत राहिलं की गंज तयार होतच राहणार.

मूळ गोष्टी पटकन. टाकी पत्र्याची, आतून रंग नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, तिथेच; कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत पेट्रोलचा पंपही तिथेच. त्यात आपल्याकडची खारी हवा. बस, एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. चावीने झाकण उघडा. तोंडाच्या कडेला, खाचेत, एक बारीक भोक दिसेल. काही गाड्यांना दोन असतात, त्यातलं एक हवेचं. पावसाचं पाणी खाचेत साचू नये म्हणून ते भोक. तिथून एक बारीक नळी टाकीच्या आतून खाली येते आणि पुढे रबरी पाइपने इंजिनमागे पाणी सोडते. हे भोक तुंबलं की खाचेत तळं साचतं. आता गाडी उन्हात तापलेली आहे आणि अचानक सर आली असं धरा. टाकी झपकन थंड होते, आतली वाफ आकसते, आणि झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर ते साचलेलं पाणी टाकी स्वतःच आत ओढून घेते.

तपासायचं कसं? टाकीच्या तोंडात सुती कापड घट्ट कोंबा. दहा मिलीची सिरिंज घ्या, सुई नको, आणि भोकात हळूहळू पाणी सोडा. खाली रबरी पाइपातून लगेच थेंब पडायला हवेत. नाही पडले तर आधी खालचा पाइप काढून बघा. बहुतेक वेळा चिखल तिथेच असतो. कुंभारीण माशीनेही त्यात मातीचं घर केलेलं सापडतं, दोन महिने उभी असलेली गाडी असेल तर हमखास.

तरी मोकळं झालं नाही तर जाड तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) घाला, वरून. तार नाही! कमेंटमध्ये कितीजण सायकलची तार, छत्रीची काडी सुचवतात. कृपा करून नको. ती नळी टाकीच्या पोटातून जाते, आणि गंजून पातळ झालेली असेल तर तारेने तिला भोक पडतं. मग वरचं पाणी थेट पेट्रोलमध्ये. भोक पडलंय का ते ओळखणं सोपं आहे: टाकी पूर्ण भरा. त्या पाइपातून पेट्रोल ठिबकलं तर नळी फुटली आहे.

हीच गोष्ट स्टँडच्या बाजूने बघा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. भोक उजवीकडे असेल तर ते मोकळं असूनही पाणी डाव्या खाचेत तसंच राहतं. दिवसभर स्टँडवर पावसात उभे असणारे आपले पायलट (गोव्यातले बाइक टॅक्सीवाले) असोत, की गणेश चवथीपर्यंत अंगणात ठेवलेली भाड्याची गाडी असो, डबल स्टँड असेल तर त्यावरच लावा. आणि धुताना? प्रेशरचा फवारा झाकणावर मारू देऊ नका. तिथे ओलं फडकं पुरतं.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. आत हवा कमी म्हणजे दव कमी. कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाऊल (खालची वाटी) ड्रेन स्क्रूने काचेच्या बाटलीत रिकामा करा. बाटली उजेडात धरा: तळाशी वेगळा थर हलताना दिसला तर ते पाणी, तपकिरी गाळ दिसला तर गंज.

गंज आधीच असेल तर कॉक, फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग), पंप सगळं काढा, भोकं रबराने बंद करा. लिटरला ५० ते १०० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) गरम पाण्यात, टाकी काठोकाठ, रात्रभर. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा, शेवटी साधं पाणी, आणि त्याच क्षणी गरम हवेने सुकवा. आपल्या दमट हवेत उघडा पत्रा अर्ध्या तासात पुन्हा लालसर होतो, म्हणून हे काम जुलैत काढूच नका. पूर्ण सुकल्यावर, ड्रायर दूर ठेवून, थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) घातलेलं पेट्रोल आत फिरवा. बाथरूमचं ॲसिड मात्र नको, ते टाकीचे सांधे खातं.

आता फिल्टर. कार्बोरेटरच्या गाडीला पारदर्शक फिल्टर कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये, बाण कार्बोरेटरकडे. इंजेक्शनच्या गाडीला हा प्लास्टिकचा फिल्टर अजिबात नाही. तिथे साधारण तीन बार दाब असतो, तो फुटून गरम इंजिनवर पेट्रोल उडेल. त्या गाडीत पंपाखालची जाळी बदला, आणि पंप काढला की त्याची रबरी रिंग नवी घाला.