अर्धवट इन्स्टॉलेशन आणि क्लस्टर

मंडळी, इन्स्टॉलेशन सपशेल फसलं तर सावरणं त्या मानाने सोपं असतं. डोकेदुखी होते ती अर्धवट झालेल्याची. समजा, क्लस्टरमधल्या ६४ नोडपैकी (म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांपैकी) ६० वर नवी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारा सामायिक कोड) पोचली आणि चारांवर जुनीच राहिली. सगळे नोड चालू दिसतात, आणि मग एखाद्याचा रात्रभर चाललेला जॉब पहाटे कोसळतो. तो बिचारा दोष आपल्याच प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून इन्स्टॉलची कमांड लगेच पुन्हा मारायची नाही. आधी स्लर्ममध्ये, म्हणजे नोडना जॉब वाटून देणाऱ्या प्रणालीत, संशयित नोड ड्रेन करायचे आणि कारणही लिहायचं. ड्रेनमध्ये चालू जॉब पुरा होतो, फक्त नवा येत नाही. ‘डाउन’ केलंत तर चालू जॉबही मारले जातात.

मग डिस्क बघा. जागा आहे का, आणि आयनोड (फाईलींच्या नोंदींच्या जागा) शिल्लक आहेत का, दोन्ही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याचं अपडेट फसण्यामागे कितीदा तरी भरलेलं बूट पार्टिशन असतं. लॉक फाईल (दुसरं इन्स्टॉल चालू असल्याची खूण) आडवी आली, तर ती कुठल्या प्रोसेसने धरली आहे ते पाहिल्याशिवाय पुसू नका.

आता मुख्य काम: कुठला नोड कुठे अडकला? प्रत्येक नोडवर आरपीएमची, म्हणजे इन्स्टॉल झालेल्या पॅकेजेसची, पूर्ण यादी काढा, ती सॉर्ट करा, तिचा एमडी५ (यादीचा छोटा ठसा) घ्या आणि पीडीएसएचने (एकच कमांड सगळ्या नोडवर चालवणारं साधन) सगळीकडची उत्तरं गोळा करा. सॉर्ट विसरू नका. यादीचा क्रम नोडगणिक वेगळा असू शकतो आणि उगाच फरक दिसतो. सारखी उत्तरं एकत्र केली की साठांचा एक गट आणि चारांचा दुसरा असं चित्र लख्ख समोर येतं.

कम्प्यूट नोड, म्हणजे जॉब चालवणारा नोड, दुरुस्त करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इमेजवरून (सिस्टीमच्या तयार प्रतीवरून) पुन्हा उभा करा, मोकळे व्हा. जीव ओतायचा तो हेड नोडवर, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या मुख्य नोडवर. तिथे डीएनएफच्या (आरपीएम पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन) हिस्टरीतून झालेलं इन्स्टॉल उलटवता येतं, पण जुनी पॅकेजेस रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या साठ्यात) असतील तरच. आणि इन्स्टॉलच्या वेळी चाललेल्या स्क्रिप्टनी केलेले बदल त्याने परत फिरतीलच असं नाही. डेबियन लिनक्स असेल तर आधी डीपीकेजीला (तिथल्या पॅकेज साधनाला) अर्धवट राहिलेलं कॉन्फिगरेशन पुरं करायला सांगा. नव्या कर्नलवर इन्फिनिबँडचं (वेगवान नेटवर्क) किंवा लस्टरचं (सामायिक फाईल सिस्टीम) मॉड्यूल चढत नसेल, तर ग्रबमधून, म्हणजे सुरू होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडा.

स्लर्मचंच अपग्रेड असेल तर मात्र फार जपून. क्रम ठरलेला आहे: आधी स्लर्म-डीबीडी (स्लर्मचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम), मग कंट्रोलर (जॉब वाटणारा मुख्य प्रोग्रॅम), शेवटी नोडवरचे डीमन (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम). डीबीडी नव्या आवृत्तीत सुरू झालं की डेटाबेसची रचना बदलू शकतं आणि मग जुनी आवृत्ती त्यावर चालत नाही. आधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) घेतला नसेल तर परतीची वाट बंद.

नोड परत सेवेत घेण्याआधी एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी सापडतात का ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, पण हेड नोडवर नव्हे, त्या नोडवरच. एकाही लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसता कामा नये. त्यानंतर तो नोड धरून दोन नोडवर छोटासा एमपीआय जॉब (नोड एकमेकांशी बोलत चालवतात तो) चालवा. तो नीट संपला की स्लर्ममध्ये नोड रेझ्युम करा, म्हणजे पुन्हा जॉब घेऊ द्या.