आधी चलनवही, मग सॉफ्टवेअर

नमस्कार, श्रोतेहो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांचं छोटं मशीन शॉप आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय. दोन-चार लेथ, एखादं ड्रिल, कर्ज काढून आणलेलं एक व्हीएमसी (कॉम्प्युटरनं चालणारं मिलिंग मशीन) आणि जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर कामाला, येणारं फाउंड्रीचं कास्टिंग (ओतीव भाग), एवढा ज्यांचा पसारा आहे त्यांच्याशी.

डिजिटायझेशनचा विषय निघाला की मालक लगेच विचारतात, "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी म्हणतो, सध्या कुठलंच नको. तसा कॉम्प्युटर तुमच्याकडे आलेलाच आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हापासून बिलं त्याच्यावरच निघतात, ई-वे बिल निघतं, रिटर्न भरलं जातं. म्हणजे सरकारनं मागितलं तेवढं कॉम्प्युटरवर गेलं, आणि आपल्या स्वतःच्या फायद्याचं जे होतं ते तेलाचे डाग पडलेल्या वहीतच राहिलं!

ती वही म्हणजे आवक-जावक चलनांची, मालासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या चिठ्ठ्यांची. समजा, कास्टिंगचे 200 नग आले आणि मशीनिंग होऊन 188 परत गेले. वहीत एवढंच असतं: आले 200, गेले 188. मधल्या 12 नगांचं काय झालं, ते फक्त मिस्त्रींच्या डोक्यात. त्यातल्या आठांत ब्लो होल (ओतकामात हवेनं राहिलेली पोकळी) निघाले, चार आपल्याकडून साइजला कमी झाले. ब्लो होल पहिल्याच कटात दिसतो असंही नाही, कधी बोअर फिनिश करताना उघडा पडतो, आणि तोवर आपली मजुरी त्यात गेलेली असते. सहा महिन्यांनी माल देणारी पार्टी बारा नगांची डेबिट नोट पाठवते, म्हणजे तेवढे पैसे आपल्याकडून कापून घेते. आठ नग फाउंड्रीच्या खात्यावर जायला हवे होते, पण दाखवणार काय? शिवाय जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवणाऱ्यानं तो विकला असं जीएसटीचा कायदा धरतो. त्यामुळे हिशोबाचा तगादा तोही लावणारच.

म्हणून सुरुवात इथून करा. एक साधी एक्सेल शीट, नाहीतर मोबाइलवर गूगल शीट घ्या. त्यात तारीख, चलन नंबर, आलेले नग, ओके, कास्टिंग रिजेक्शन, मशीनिंग रिजेक्शन, शिल्लक. रिजेक्ट नगाचा फोटो त्याच दिवशी पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, चलन नंबर टाकून. भरणारा माणूस एकच असावा, आणि त्यानं संध्याकाळी शटर ओढायच्या आधी भरावं. शनिवारी आठवड्याचं एकदम भरू म्हटलं, की ते राहिलंच म्हणून समजा.

हे करताना एक कटकट निघेल. एकाच भागाला, समजा एका बुशला, पार्टीच्या चलनावर ड्रॉइंग नंबर असतो, आपल्या बिलावर 'बुश मोठा' असतं, आणि मिस्त्री त्याला तिसऱ्याच नावानं ओळखतात. ही नावं आधी एक करा. ड्रॉइंग नंबर हेच नाव. काम कंटाळवाणं आहे, आठवडाभर डोकं खाईल, पण ते न करता लाखाचं सॉफ्टवेअर घेतलंत, तर तीन नावांचे तीन वेगळे स्टॉक तेवढे छान रंगीत दिसतील.

दुसरी शीट येणे बाकीची, म्हणजे पार्टीकडून यायच्या पैशांची. बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तर अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठ्या पार्टीशी भांडण कुणालाच नको असतं, मान्य आहे. पण "साहेब, बघा की जरा" म्हणण्यापेक्षा पोच झाल्याच्या तारखेसह यादी पाठवली, की अकाउंट्सवाल्याला ती बाजूला सारणं अवघड जातं.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी, तशीच दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिकडे जाऊ नका. आणि जीएसटी, उद्यम, बँक यांना कुणाचा मोबाइल नंबर आणि ईमेल जोडलाय ते आजच बघा. पुष्कळ ठिकाणी तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा किंवा भाच्याचा निघतो, आणि ऐन मुदतीच्या दिवशी ओटीपीसाठी त्याला शोधत फिरावं लागतं.

तीन-चार महिने या दोन शीट न चुकता भरल्या गेल्या, की सॉफ्टवेअरवाल्याला खुशाल बोलवा. तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगता येईल. डेमो बघताना एवढं विचारा: उद्या तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं, तर माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये काढून मिळेल का? आणि तो डेटा तिथल्या तिथे, आपल्या डोळ्यांसमोर काढून दाखवायला लावा. नमस्कार.