सव्वासात फुटांत तिघं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे माणसाला अंतराळात नेणाऱ्या कुपीबद्दल. पण आधी १९८४चा एप्रिल आठवा. ३ तारखेला राकेश शर्मा सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून वर गेले. मी तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. पोरं एकच विचारत, सर, आत बसले कसे?

मी खडूने फरशीवर वर्तुळ काढलं, सव्वासात फूट आडवं. परत येणारी कुपी तेवढीच असते. तिघांना आत उताणं निजवलं, गुडघे पोटाशी. वर्गात पंखा एक, त्याचा आवाजच जास्त. (तेव्हा घरोघरी कूलरला वाळ्याच्या ताट्या असत. आता एसी, ना वास, ना ओलावा. असो.)

पाचव्या मिनिटाला मधला ओरडला, “सर, याचं कोपर माझ्या पोटात घुसून राहिलं!” दहाव्याला भांडण. चौदाव्या मिनिटाला डावीकडचा केविलवाणा होऊन म्हणाला, “सर, एक नंबरला जाऊ?” मी म्हटलं, “थांब बे, संडास वरच राहिला!” अख्खा वर्ग हसला.

पण खरंच वरच राहतो हो. सोयूझचे भाग तीन. पुढच्या गोल भागात संडास, मागच्यात इंजिन. परतताना दोन्ही सोडून देतात, ते वातावरणात जळतात. खाली येतो फक्त मधला, घंटेसारखा. जेवढं परत आणायचं तेवढ्याला उष्णतेचं कवच हवं, पॅराशूट हवं. म्हणून आणायचं ते कमीत कमी.

कुपी म्हणजे घर नव्हे. पुन्हा सांगतो, घर नव्हे. शर्मा आठवडाभर राहिले ते सल्यूत ७ या अंतराळ स्थानकात. कुपीचं काम न्यायचं, आणायचं, आणि वेळ आली तर पळवायचं. आदल्या सप्टेंबरच्या २६ तारखेला उड्डाणतळावरच सोयूझचं रॉकेट पेटलं होतं. टोकाच्या सुटका-रॉकेटने तितोव आणि स्त्रेकालोव या अंतराळवीरांची कुपी उचलली आणि चार किलोमीटरवर नेऊन टाकली. दोघंही वाचले. आणि गंमत बघा, हेच स्त्रेकालोव सहा महिन्यांनी शर्मांच्या सोबत त्याच कोंदट जागेत बसले! आपल्या गगनयानाचा बेतही तिघांचाच, ४०० किलोमीटर उंचीवर, ३ दिवस.

तो डावीकडचा पोरगा? एकोणीस मिनिटं काढली त्याने, मग धूम पळाला. शिपाईमामा फरशी पुसायला आले, तर वर्तुळाच्या कडेकडेने पुसून गेले. शर्मा ११ तारखेला उतरले, तोवर ते तसंच होतं.