दहा मीटरवरचे शनिवार

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई रायफल नेमबाजीवर बोलणार आहे, हे निवेदनात ऐकून काहींनी रेडिओचा आवाज वाढवला असेल, तर काहींनी स्टेशन चुकले की काय म्हणून पाहिले असेल. दोन वर्षांपूर्वी मीही दुसऱ्या गटातच मोडले असते. बंदूक ही वस्तू मला लहानपणापासून आवडत नाही. माझे माहेर तासगावकडचे. आमच्या शेजारच्या मळ्यात द्राक्षांवर पाखरे बसू नयेत म्हणून छऱ्याची बंदूक ठेवलेली असे आणि मळ्यातली मुले तिचा उपयोग राखणीपेक्षा खेळासाठीच अधिक करीत. एकदा त्यांनी पाडलेली साळुंकी आमच्या अंगणात येऊन पडली. मी तिला उचलले, तेव्हा तिचे शरीर अजून गरम होते आणि पिवळा डोळा उघडाच होता. त्या दिवसानंतर जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीलाही मी हात लावला नाही.

अशा घरात नेमबाजी शिरली, ती १ ऑगस्ट २०२४ रोजी, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. त्या दिवशी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरण्याच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळत होते. आमच्या भागाला नेमबाजी तशी परकी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेत्या झाल्या होत्या आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते. पण आमच्या यजमानांच्या मनात मात्र त्या दुपारीच काहीतरी हलले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षे झाली होती. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात त्यांनी पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल चालवली होती आणि त्या शिबिरातल्या एका चांगल्या कार्डाची, म्हणजे नेम मारायच्या कागदी लक्ष्याची हकिकत मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकली आहे की, त्यातला प्रत्येक छर्रा कुठे लागला, हे मी सांगू शकेन. (त्या रायफलीत छर्रा नसतो, गोळी असते, हे मला आता कळते.) पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका नेमबाजी केंद्रात नाव घातले.

मी दोन अटी घातल्या. रायफल घरात आणायची नाही आणि मला 'चल, बघ तरी' म्हणून आग्रह करायचा नाही. दोन्ही त्यांनी मान्य केल्या, परंतु त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात झालेली असल्याने सकाळच्या उन्हात गाडी चालवणे त्यांना जड जात होते. त्यामुळे दर शनिवारी विश्रामबागेपासून तिथपर्यंत त्यांना नेऊन सोडण्याचे आणि दोन तास वाट पाहत बसण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले.

हे केंद्र म्हणजे मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीच्या एका जुन्या गोदामात उभारलेली दहा मीटरची रेंज. भिंतींना चुना दिलेला आहे, पण खालच्या भेगांमधून अजूनही पिवळी भुकटी झिरपते आणि पावसाळ्यात सगळ्या हॉलला ओल्या हळदीचा वास येतो. एका टोकाला सहा जण उभे राहू शकतील असा लांब कट्टा, दुसऱ्या टोकाला लोखंडी पत्रे आणि मध्ये दोरीवरून जाणारी-येणारी कागदी कार्डे, एवढाच काय तो सरंजाम. मी दाराजवळच्या बाकावर स्वेटरचे विणकाम घेऊन बसत असे आणि मुद्दाम पाठ वळवून बसत असे.

माझी पाठ पहिल्यांदा वळली, ती एका रागावण्याच्या आवाजाने. यजमानांनी मला चहाचे विचारण्यासाठी रायफल हातात असतानाच मागे वळून पाहिले होते आणि त्यांच्याबरोबर नळीही थोडी वळली होती. रायफल रिकामी होती. तरीही त्यांच्या मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकाने त्यांना तिथल्या तिथे रायफल खाली ठेवायला लावली आणि उरलेला दिवस बाहेर बसवले. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच हवे, नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर जाता कामा नये, रायफल कट्ट्यावर असेल तेव्हा ती रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात केशरी दोरा ओवलेला दिसला पाहिजे आणि सगळ्यांच्या रायफली खाली ठेवल्याशिवाय कुणीही कट्ट्याच्या पुढे पाऊल टाकायचे नाही, हे नियम त्याने त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावले. यजमान माझ्या शेजारी येऊन बसले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला मात्र, खरे सांगायचे तर, बरे वाटले. प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली हाताळताना मी मुलांना जितका धाक घालत असे, त्याहून अधिक धाक इथे होता. मी ज्या बंदुकीला भीत होते, ती मळ्यातल्या पोरांच्या हातातली बंदूक होती. ही वस्तू तीच असली, तरी तिच्याभोवतीचे वागणे वेगळे होते.

त्यानंतर मी तिथे निरीक्षक असल्यासारखी वागू लागले. छर्रे शिशाचे असतात. यजमान ते बोटांनी उचलून रायफलीत घालत आणि मधल्या सुट्टीत त्याच बोटांनी भडंग खात. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे बघवणे शक्य नव्हते. मी साबणाची वडी आणि बादली नेऊन ठेवली आणि हात धुतल्याशिवाय भडंगाला हात लावायचा नाही, असा फलक स्वतःच्या अक्षरात लिहून लावला. तो आजही तिथे आहे आणि लहान मुले मला त्यामुळे 'भडंगवाल्या आजी' म्हणतात.

खरी गोडी लागली, ती कार्डांमुळे. नेमबाजी झाल्यावर यजमान आपली कार्डे गाडीत माझ्या मांडीवर टाकीत. दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जरासाच मोठा. त्याच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, तो केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीचे टोक टेकवावे एवढा. हे कुणालाच कसे जमत असेल, असे मला वाटे, तोवर मी कागदावर आकडेमोड केली. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो आणि त्याच्या भोकाची कडा ठिपक्याला नुसती टेकली, तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचे केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत असले की झाले. अडीच मिलिमीटर हे अंतर मला ओळखीचे वाटले, कारण प्रयोगशाळेत आम्ही त्याहून लहान अंतरे डोळ्यांनी वाचत आलो आहोत.

मग मी एक वही केली. प्रत्येक छर्रा कुठे लागला, हे टिपू लागले. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी माझ्या लक्षात आले की, यजमानांचे छर्रे इतस्ततः विखुरलेले नसून त्यांचा पुंजका पडत आहे, मात्र तो दर वेळी उजवीकडे खाली पडत आहे. मोजमापाच्या शास्त्रात सुसंगती आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुंजका लहान असेल, तर माणूस सुसंगत आहे. तो मधोमध असेल, तर अचूक. पुंजका चुकीच्या जागी पडत असेल, तर एक तर साईटचे, म्हणजे रायफलीवर नेम धरण्यासाठी बसवलेल्या भागाचे, स्क्रू फिरवून तो मध्यावर आणता येतो किंवा माणूस दर वेळी तीच चूक करीत असतो. यजमानांनी स्क्रू फिरवून पाहिले होते. त्याने एक-दोन दिवस बरे वाटे आणि पुंजका पुन्हा खाली उतरे. मी विणकाम बाजूला ठेवून त्यांच्या हाताकडे पाहत बसले, तेव्हा दिसले की काळा गोल साईटमध्ये नीट बसला की ते घाईने घोडा ओढत आणि त्या घाईत अख्खा पंजा आवळत. मी तसे सांगितले. त्यावर ते वैतागून म्हणाले, "अगं, बाकावर बसून बोलणं सोपं असतं. तूच ये आणि करून दाखव."

श्रोतेहो, आमच्यात झालेला हा आग्रह नव्हता, भांडण होते, त्यामुळे माझी अट मोडली असे मी मानत नाही.

मी उठले. प्रशिक्षकाने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दिली, कारण साडेचार-पाच किलोचे हे धूड पहिल्याच दिवशी उभ्याने पेलणे शक्य नव्हते. डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्याने मी नेम धरला आणि घोडा दाबला. आवाज झाला, तो मला वाटला होता तसा धडाका नव्हता; सोड्याची बाटली उघडावी तसा होता. माझे कार्ड परत आले, तेव्हा त्यावर एकही भोक नव्हते. शेजारच्या कट्ट्यावरची बारा वर्षांची मुलगी आपले कार्ड मोजून म्हणाली, "आजी, मी दहाच मारले आणि भोकं अकरा आहेत." स्पर्धेत दुसऱ्याच्या कार्डावर छर्रा मारला की आपला तो नेम हुकला असेच धरतात. यजमान काही बोलले नाहीत. इतकी वर्षे संसार केल्यावर न बोलण्याचेही प्रकार ओळखता येतात, आणि हा प्रकार चांगला नव्हता.

चूक कुठे झाली, हे कळल्याशिवाय मला झोप आली नाही. दोन्ही हातांचे पंजे समोर जुळवून मधे लहानशी खिडकी करावी, दोन्ही डोळ्यांनी तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहते, तो आपला मुख्य डोळा. मी उजव्या हाताची असले, तरी माझा मुख्य डोळा डावा निघाला. उजव्या डोळ्याने नेम धरताना डावा मिटून ठेवण्याचीच खटपट चालली होती, तो सारखा उघडत होता आणि नजर तोच ओढून नेत होता. मग आठवले की, प्रयोगशाळेत ब्युरेट, म्हणजे द्रव मोजण्याची खुणांची काचनळी, वाचताना मी नेहमी डावाच डोळा पुढे करीत असे. त्यावर प्रशिक्षकाने तोडगा काढला, तो साधा होता. डोळा मिटायचा नाही, कारण मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. त्याच्यासमोर चष्म्याला पांढरी पट्टी लावायची. चष्माही बदलावा लागला. आपण स्वाभाविकपणे लक्ष्याकडे पाहतो, पण नजर स्थिर ठेवायची ती पुढच्या साईटच्या कड्यावर. काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालतो, कडे धूसर दिसता कामा नये. मी फुटपट्टीने मोजले, तर आमच्या रायफलीच्या दोन साईटमधले अंतर ७० सेंटिमीटर भरले. म्हणजे कडे दोन दशांश मिलिमीटरने जरी सरकले, तरी दहा मीटरवर ती चूक जवळजवळ तीन मिलिमीटर होते आणि दहाचे नऊ होतात.

आणि कडे सरकतेच. पिशवी काढून मी पहिल्यांदा उभ्याने रायफल धरली, तेव्हा ते गोलाभोवती माशी फिरावी तसे फिरत होते. श्वास घेतला की खाली, सोडला की वर. श्वास अर्धा सोडून थांबले, तेव्हा ते फिरणे कमी झाले, पण थांबले नाही; एक लहानसा, नियमित धक्का तरीही येत राहिला. मला वाटले, रायफलीतच काही बिघाड आहे. मग कळले की, तो माझ्याच हृदयाचा ठोका आहे. माझे हृदय नीट चालते आहे, असे डॉक्टरांनी मला अनेकदा सांगितले आहे, परंतु ते चालताना मी कधी पाहिले नव्हते. दोन ठोक्यांच्या मधे कडे क्षणभर स्थिर झाले, गोल त्याच्या मधोमध आला आणि माझ्या बोटाने घोडा दाबला, की तो आपोआप दबला, हे मला नीट सांगता येणार नाही. तो छर्रा नऊला लागला. ते कार्ड मी वहीत चिकटवून ठेवले आहे.

श्वास धरून आठ-दहा सेकंदांत घोडा दबला नाही, तर रायफल खाली घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी, असे इथे शिकवतात. मला ही गोष्ट नेम धरण्याहून अवघड गेली. हातातले काम अर्धवट सोडायचे नाही, याच शिस्तीत मी वाढले आहे आणि तसेच शिकवत आले आहे.

परवान्याविषयी अनेक जण विचारतात, म्हणून सांगते. शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. कुसाळे वापरतात त्या पॉइंट टू-टूला लागतो. परवाना लागत नसला, तरी ती खेळणे नव्हे आणि पाखरांवर चालवण्याची वस्तू तर मुळीच नव्हे. आमची रायफल आजही केंद्रातल्या कुलपात असते. ती पहिली अट मी सोडलेली नाही.

स्पर्धेत साठ छर्रे मारायचे असतात. माझी मजल अजून चाळिसापर्यंतच आहे. त्यानंतर खांदा ऐकत नाही. यजमानांचा पुंजका आता मधोमध पडतो आणि त्याचे श्रेय ते स्क्रूला देतात. सध्या आमच्यात वाद आहे, तो सिलिंडरचा. या रायफलीत दाबाखालची हवा भरलेले लहान सिलिंडर असते आणि त्याची मुदत बनवल्यापासून दहा वर्षांची. आमच्या सिलिंडरवर २०३२ कोरलेले आहे. यजमान म्हणतात की, तोवर आपण दोघेही थकलेले असू, नव्याचा विचार कशाला. मी त्यांना काही उत्तर दिले नाही. गेल्या महिन्यात पतसंस्थेत जाऊन आवर्ती ठेवीचे खाते उघडून आले आहे.

नमस्कार.