अब्राहामाला मूठमाती दोघांनी दिली

सलाम मंडळी, प्रभू येशूच्या नावात तुम्हा सगळ्यांना सलाम.

गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने मला चर्चच्या पायरीवर गाठलं. म्हणाला, काका, गाझाचे व्हिडिओ बघून झोप लागत नाही, आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखं येतं की हे भांडण अब्राहामाच्या घरातलंच आहे, बायबलमध्ये लिहूनच ठेवलंय, यहुदी म्हणजे इसहाकाची पोरं, अरब म्हणजे इश्माएलाची, हे कधी मिटायचं नाही, तर खरंच असं लिहिलंय का? मी म्हटलं बस इथेच, काढ बायबल. त्या दिवशी पायरीवर बसून आम्ही दोघांनी जे वाचलं तेच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

सुरुवात उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायापासून. हागार ही मिसरी, म्हणजे इजिप्तची दासी, परक्या देशातली, हिचं स्वतःचं असं काहीच नाही. अब्राहामाची बायको सारा, तिला मूल होत नव्हतं म्हणून तिनेच हागारेला अब्राहामाकडे दिलं, आणि दिवस गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं, सारेने इतकं छळलं की ही गरोदर बाई रानात पळाली. तिथे एका झऱ्यापाशी देवाचा दूत तिला शोधत येतो आणि तिला नावाने हाक मारतो. त्या घरात अब्राहाम काय आणि सारा काय, दोघंही तिला नुसती 'दासी' म्हणतात, अख्ख्या गोष्टीत त्यांच्या तोंडी तिचं नाव एकदाही येत नाही, तुम्ही तपासून बघा! मुलाचं नाव इश्माएल ठेव असं दूत सांगतो, म्हणजे 'देव ऐकतो'. आणि मग ही दासी देवालाच नाव देते, 'मला पाहणारा देव'. त्या झऱ्यापाशीच्या विहिरीचं नाव पडलं लहाय-रोई. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता याच अध्यायातली ती ओवी, जी फॉरवर्ड होत असते, की इश्माएल रानगाढवासारखा होईल आणि त्याचा हात सगळ्यांवर नि सगळ्यांचा हात त्याच्यावर. आपल्याकडे गाढव म्हणजे सरळ शिवी, त्यामुळे मराठीत वाचताना वाटतं देवाने त्या पोराला जन्माआधीच शाप दिला. पण रानगाढव म्हणजे आपलं ओझं वाहणारं गाढव नव्हे हो, कच्छच्या छोट्या रणात ज्यांनी घुडखर पाहिलेत त्यांना विचारा, काय देखणं जनावर, वाऱ्यासारखं पळतं, त्याच्या पाठीवर कुणी गोणी टाकू शकत नाही. ईयोबाच्या पुस्तकात एकोणचाळिसाव्या अध्यायात देव स्वतः विचारतो की रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं, त्याची बंधनं कुणी सोडली. आता हे एका गुलाम बाईला सांगितलं जातंय असं धरून परत वाचा, की बाई, तुझा मुलगा कुणाचा गुलाम होणार नाही. झगडे होतील हेही त्यात आहे, ते मी झाकत नाही, पण याला शाप म्हणणं मला पटत नाही. कारण पुढच्याच अध्यायात अब्राहाम देवाला विनवतो की इश्माएल तुझ्यासमोर जगावा, आणि देव म्हणतो मी तुझं ऐकलंय, त्याला आशीर्वाद देईन, त्याच्यापासून बारा सरदार होतील. करार इसहाकाशी, म्हणजे पुढे सारेला होणाऱ्या मुलाशी, हे वचन स्पष्ट आहे आणि मी ते मानतो. पण कराराचा एक म्हणून दुसरा टाकून दिलेला, असं तिथे नाही.

मग येतो एकविसावा अध्याय, सारेला इसहाक झालाय. पहाटे अब्राहाम हागारेच्या खांद्यावर भाकरी आणि पाण्याची मसक देतो आणि पोरासकट तिला घालवून देतो. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपतं. मी नगर जिल्ह्यातला, ७२ चा दुष्काळ लहानपणी बघितलेला, आमची आई कोरड्या नदीतल्या झिऱ्यातून वाटीवाटीने कळशी भरायची, वर गढूळ नको यायला म्हणून एकेका वाटीला थांबायची, आणि कळशी भरेपर्यंत आम्ही पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. म्हणून हागारेने पोराला झुडपाखाली टाकलं आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली, मला मुलाचं मरण बघायला नको म्हणाली, हे मी वाचतो तेव्हा माझा घसा दाटतो. रडतेय आई, पण लिहिलंय काय, तर 'देवाने मुलाची वाणी ऐकली'. मग तिला विहीर दिसते.

आज त्याच बैर-शेब्यात, ज्याला बीरशेवा म्हणतात, कोण राहतं माहितीये? आपले बेने इस्रायल. अलिबाग-पेण भागात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने ज्यांना शनिवार तेली म्हटलं, ती मराठी बोलणारी यहुदी माणसं १९४८ नंतर तिकडे गेली आणि बीरशेवा, डिमोना, अश्दोद अशा ठिकाणी वसली. अलिबागला इस्रायल आळी अजून आहे, सिनेगॉग म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे. आणि बीरशेवाच्या आजूबाजूला नेगेवच्या वाळवंटात बदाऊन, म्हणजे भटक्या टोळ्यांतल्या अरबांच्या वस्त्या, त्यांचं रहात नावाचं मोठं शहर. म्हणजे हागारेच्या त्याच रानात एकीकडे आपली मराठी यहुदी माणसं आणि दुसरीकडे अरब, आणि दोघांच्याही घरी पोरं आहेत.

आता काहीजण म्हणतील गलतीकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो ना, दासीला आणि तिच्या मुलाला घालवून दे. म्हणतो. पण नीट वाचा, तिथे पौल दृष्टांत देतोय नियमशास्त्र आणि कृपा यांचा, आणि हागारेच्या बाजूला त्याने कुणाला बसवलंय, तर त्या वेळच्या यरुशलेमेला! आजच्या अरबांशी त्या ओवीचा काही संबंध नाही, आणि ती काढून अरबांना मारायला वापरणं म्हणजे वचनाची मोडतोड. तसंही सगळे अरब इश्माएलाचेच असं बायबल म्हणतच नाही, त्या भागातल्या बऱ्याच टोळ्या अब्राहामाची नंतरची बायको कटूरा, तिच्या मुलांपासून आणि शेमाच्या वंशातल्या यक्तानापासूनही सांगितल्यात. आणि हजारो वर्षांचं वैर म्हणाल तर दावीद राजाच्या बहिणीने लग्न केलं ते इश्माएली येथेराशी, आणि दाविदाचे उंट सांभाळायला जो माणूस होता तो ओबील, तोही इश्माएली. १ इतिहास, दुसरा आणि सत्ताविसावा अध्याय. राजवाड्यात उंट कुणी वैऱ्याच्या हाती देतं का?

आजचं भांडण हे गेल्या सव्वाशे वर्षांतलं आहे, जमिनीचं, राज्याचं, भीतीचं. आणि त्यात आपल्या ख्रिस्ती लोकांचा हात फार मोठा आहे, हे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १०९९ मध्ये क्रूस छातीवर लावून आलेल्या सैन्याने यरुशलेमेत मुसलमानही कापले आणि यहुदीही. आणि साठ लाख यहुदी मारले गेले ते अरबांच्या देशात नाही, चर्चच्या घंटा वाजणाऱ्या युरोपात. तिथून जीव वाचवून आलेली माणसं आणि १९४८ मध्ये घराला कुलूप लावून किल्ली खिशात घालून निघालेले सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी, आणि बगदाद, येमेनमधून बाहेर पडावं लागलेले यहुदी, हे सगळे एकाच पिढीतले निर्वासित. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतर गाझात हजारो हजारो गेली, त्यात केवढी लेकरं. दोन्हीकडचं रडणं एकाच देवाच्या कानावर जातं.

आणि देवाने देश दिलाय हे म्हणणाऱ्यांनी तेविसावा अध्यायही वाचावा. सारा वारली तेव्हा अब्राहामाकडे देशाचं वचन होतं, तरी पुरायला जागा पाहिजे म्हणून तो तिथल्या हेथी लोकांपुढे दोनदा वाकून नमस्कार करतो, एफ्रोन फुकट देतो म्हणाला तरी घेत नाही, ४०० शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो, चारचौघांसमोर, आणि मगच मकपेलाची गुहा आपली म्हणतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या अध्यायात तर देश वाटून घेताना तुमच्यात राहणाऱ्या, मुलंबाळं झालेल्या परक्यांनाही वतन द्या, त्यांना देशात जन्मलेल्या इस्राएलींसारखंच माना असा हुकूम आहे. हे फॉरवर्ड मला एकदाही आलेलं नाही.

ती गुहा हेब्रोनला आहे, वर हेरोद राजाच्या काळच्या प्रचंड भिंती. १९२९ मध्ये त्या गावात ६७ यहुदी मारले गेले, आणि कितीतरी यहुद्यांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. १९९४ मध्ये रमजानच्या पहाटे एका यहुदी माणसाने आत घुसून नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. तेव्हापासून आतली इमारत वाटून टाकलीय, एकीकडे सिनेगॉग, एकीकडे मशीद, मध्ये अब्राहामाची समाधी, दोन्ही बाजूंनी जाळीतून दिसते. आणि इसहाकाची समाधी कुठे, तर मुसलमानांच्या भागात.

आणखी एक, अरब म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे ख्रिस्ती माणूस येतच नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा जमावात अरबही होते, प्रेषितांची कृत्ये दुसरा अध्याय. बेथलेहेमात आजही अरब ख्रिस्ती कुटुंबं आहेत, ती देवाला अल्लाहच म्हणतात कारण त्यांच्या बायबलात तोच शब्द आहे. गाझात सेंट पोर्फिरियस नावाच्या जुन्या चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात गेली. ते आपले भाऊबंद आहेत आणि आपल्या प्रार्थनेत त्यांचं नावसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९९० मध्ये सलीम मुनायर या अरब ख्रिस्ती माणसाने मुसालाहा नावाचं काम सुरू केलं, अरबीत मुसालाहा म्हणजे समेट. येशूला मानणारी यहुदी पोरं आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती पोरं यांना ते वाळवंटात घेऊन जातात, जिथे पाणी वाटून घेतल्याशिवाय चालत नाही. त्या पोरांत भांडणं होतात, रडारड होते, पण ती एकत्र चालतात.

तर मी त्या पोराला शेवटी पंचविसावा अध्याय काढायला लावला. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन वारला, आणि नववी ओवी त्याने मोठ्याने वाचली, त्याचे मुलगे इसहाक आणि इश्माएल यांनी त्याला मकपेलाच्या गुहेत पुरलं. दोघांनी. घालवून दिलेला मुलगा रानातून आला आणि ज्याच्यासाठी त्याला घालवलं त्याच्या शेजारी उभा राहून बापाला माती दिली. तो पोरगा थांबला, म्हणाला काका, हे कुणी सांगितलंच नाही कधी. मी म्हटलं अजून दोन ओव्या वाच. अकराव्या ओवीत आहे की त्यानंतर इसहाक जाऊन राहिला तो लहाय-रोईच्या विहिरीजवळ. हागारेच्या विहिरीजवळ.

मंडळी, उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायाच्या सातव्यापासून अकराव्या ओवीपर्यंत आज रात्री घरच्यांसोबत मोठ्याने वाचा, दोन मिनिटं लागतात, आणि मग यरुशलेम आणि गाझा ही दोन्ही नावं घेऊन प्रार्थना करा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. सलाम.