मामा म्हणजे नक्की कोणता मामा?

(बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलींनो, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनो, गेले आठ दिवस मी तुमच्या केस स्टडीची जर्नल्स वाचते आहे. ताप, नाडी आणि श्वासाचे टीपीआर चार्ट नीटनेटके आहेत, औषधांचे डोस बरोबर आहेत, केअर प्लॅन मेहनतीने लिहिलेले आहेत. पण ‘फॅमिली हिस्ट्री’ या मथळ्याखाली बहुतेकांनी एकच ओळ लिहिली आहे : ‘नॉट सिग्निफिकंट’, म्हणजे विशेष काही नाही. आज मी या एका ओळीवरच बोलणार आहे, कारण विद्यार्थिनी असताना हीच ओळ मीही लिहिली होती आणि ती खोटी होती.

1986 सालची गोष्ट. विदर्भातल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात माझी पोस्टिंग होती. दीड-दोन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. दोन्ही हातांचे पंजे आणि पावलं सुजलेली, अंगात ताप, डोळे पिवळसर. जवळ घेतलं तरी किंचाळायचा. मी त्याच्या आईला विचारलं, “घरात कुणाला काही आजार आहे का?” ती म्हणाली, “नाही ताई.” मी कागदावर तसं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तीन दिवसांनी दुपारी मी त्या मुलाला स्पंज करत होते. आई शेजारी बसून मला कपडा पिळून देत होती. कुणी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, “याच्या पयलेच्या दोघायचे बी असेच हातपाय सुजत होते.” माझा हात थांबला. पहिली मुलगी तापात गेली होती. दुसरा मुलगा तीन वर्षांचा असताना एका रात्रीत पांढराफटक पडला, पोट डाव्या बाजूला टणक झालं आणि सकाळपर्यंत गेला. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रक्ताच्या थेंबावर रसायन टाकून स्लाइड लावली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. सिकलसेल, आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार.

दुसऱ्या मुलाचं काय झालं होतं, हे आज तुम्हांला ओळखता यायला हवं. सिकलसेलमध्ये लहान मुलाच्या पाणथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साठतं आणि काही तासांत मूल जातं. आईनं सांगितलेलं वर्णन पुस्तकातल्या वर्णनाइतकं नेमकं होतं. पहिल्या दिवशी ते मिळालं नाही, कारण मी तसा प्रश्नच विचारला नव्हता.

ती बाई खोटं बोलली का? अजिबात नाही. ‘घरात’ म्हणजे आज घरात राहणारी माणसं, आणि ‘आजार’ म्हणजे आज चालू असलेला आजार, असाच अर्थ कुणीही घेईल. जी मुलं गेली ती घरात नव्हती. त्यांना तर आजार झाला असंही तिच्या घरी कुणी म्हणत नव्हतं. मोठीला नजर लागली होती आणि धाकट्याला बाहेरचं काही झालं होतं. मी विचारलेल्या प्रश्नाला तिनं दिलेलं उत्तर खरंच होतं.

म्हणून पहिली गोष्ट. घराबद्दल विचारू नका, माणसांबद्दल विचारा, एकेका माणसाबद्दल. “तुम्हांला किती लेकरं?” असं विचारलंत तर हयात मुलांचा आकडा मिळतो. पुष्कळदा फक्त मुलग्यांचा. “आजवर किती वेळा दिवस गेले? पहिल्यांदा काय झालं? ते बाळ आता कुठे असतं?” असं क्रमानं विचारलंत तर गर्भपात, मृतजन्म, सव्वा महिन्यात गेलेलं बाळ, सगळं हळूहळू बाहेर येतं. विचारताना पेन खाली ठेवा. गेलेल्या बाळाचं नाव ठेवलं होतं का, हेही विचारा. वैद्यकीयदृष्ट्या त्याचा काही उपयोग नाही. पण त्या आईला तो प्रश्न बहुधा आजवर कुणी विचारलेला नसतो, आणि पुढचं ती तुमच्याशी बोलेल.

वर्षं विचारू नका, खुणा विचारा. सत्तरीच्या आजीला 1972 सांगता येणार नाही, पण ‘दुष्काळात, सुकडी मिळायची तेव्हा’ हे सांगता येतं. नागपूरच्या बाजूला मोवाडच्या पुराच्या आधी की नंतर, लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर, असं विचारा. मोवाडचा पूर 1991 चा आणि किल्लारीचा भूकंप 1993 चा. तेवढ्यावरून वय काढता येतं.

आता नात्यांकडे येते. इथे आपल्या भाषेनं आपल्याला मोठी देणगी दिली आहे. तुमच्या इंग्रजी पुस्तकात ‘अंकल’ आणि ‘कझिन’ हे शब्द आहेत. त्यांवरून माणूस आईकडचा की वडिलांकडचा, हे कळत नाही. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी म्हटलं की बाजू कळली. चुलत, आते, मामे, मावस म्हटलं की पिढीही कळली. वंशावळीचा आराखडा आपण बोलता बोलताच मांडत असतो. हिमोफिलियाचं उदाहरण घ्या. सुंतेनंतर किंवा दुधाचा दात पडल्यावर एखाद्या मुलाचं रक्त थांबत नसेल, तर आईला पहिला प्रश्न असा : “तुमच्या भावांपैकी, तुमच्या मामांपैकी कुणाला असं व्हायचं का?” या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. आईच्या शरीरात ते असतं, पण बहुधा तिला स्वतःला त्रास होत नाही. तिच्या भावांत किंवा मामांत तो दिसून येतो. उलट हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांना तो वडिलांकडून येत नाही, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात. म्हणजे ‘मामा’ या एका शब्दात निम्मी तपासणी झाली.

पण याच शब्दात खड्डाही आहे. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत जुनी आहे. त्या चालीच्या खुणा भाषेतही राहिल्या आहेत : सासऱ्याला मामंजी म्हणतात, कुठे नुसतं मामा म्हणतात, सासूला आत्याबाई म्हणतात. एखादी सून म्हणाली, “मामांना शुगर आहे,” तर हे मामा कोण? आईचे भाऊ, सासरे, की दोन्ही एकच? तिसरी शक्यता असेल तर तुमच्या कागदावर फार महत्त्वाची रेघ वाढते. शेजारच्या चार घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही आपण मामा-मावशीच म्हणतो. म्हणून दर वेळी विचारा : “सख्खे का? आईचे पाठचे का? एका आईचे का?” हा चोंबडेपणा नाही. जोडीनं विचारायचा आणखी एक प्रश्न : “लग्नाच्या आधीपासून सासर नात्यातलं होतं का?” सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. आजार लपून राहिलेला असेल, तर अशा जोडप्याच्या मुलांत तो उघड होण्याची शक्यता वाढते. पण विचारताना चेहऱ्यावर आठी आणू नका. त्यांच्या घरात हे लग्न जिव्हाळ्यानं ठरलेलं असतं.

कागदावर कसं काढायचं हे तुम्हांला शिकवलेलं आहे, म्हणून घाईनंच सांगते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याच्यामुळे तपास सुरू झाला त्याच्याकडे बाण. आजार असेल तर आकृती भरायची, मृत असेल तर तिरपी रेघ. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. गर्भपाताला छोटा त्रिकोण. पोटातल्या बाळाला पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन, आणि त्याच्या लिंगाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, विचारायचं नाही, सुचवायचं नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा तुम्हांला माहीत आहे. तीन पिढ्या काढा. आणि समोरच्या माणसाला दिसेल असा कागद मध्ये ठेवा. माणसं स्वतः बोट ठेवून दुरुस्त्या करतात : “नाही ताई, ही मोठी, तो धाकला.” मी गावोगाव हे पाहिलं आहे. आपलं कुळ कागदावर उतरताना पाहिलं की गप्प बसलेला म्हाताराही बोलायला लागतो.

बाईच्या आजारात फक्त माहेरच्या बायकांची चौकशी करायची, ही चूक मी मोठमोठ्या ठिकाणी पाहिली आहे. स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण असेल तर आई, मावशी, आजी इतकंच विचारतात. बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या जनुकांतला बिघाड वडिलांकडूनही येतो. वडिलांना स्वतःला काहीच झालेलं नसेल, पण आत्या पंचेचाळिशीत गेली असेल. आत्या तर लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. आणि त्या पिढीत ‘छातीत गाठ होती’ असंही कुणी म्हटलं नसेल, ‘पोटात पाणी झालं’ इतकंच सांगितलं असेल. याच बिघाडातून बीजांडकोशाचाही कर्करोग होतो आणि त्यात पोटात पाणी होतं, हे तुमच्या डोक्यात असलं पाहिजे. लोक सांगतात तेच शब्द आधी जसेच्या तसे लिहा. अर्थ नंतर लावा. ‘लकवा’, ‘फेफरं’, ‘छातीत कळ’, ‘अंगात रक्त नव्हतं’, हे शब्द पुसून वर इंग्रजी निदान लिहिलंत, तर पुढच्या डॉक्टरला तुमचा अंदाज मिळतो, माणसाची हकिगत मिळत नाही.

सिकलसेलकडे परत येते. तुमच्यातल्या अनेकांची पोस्टिंग गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारला होईल, आणि तिथे ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द तुम्हांला चहाच्या टपरीवरही ऐकू येतील. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे वाक्य फार जपून सांगा. मी एका बापाला ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “मग एक झालं, आता तीन चांगले होतील.” तो चुकला नव्हता, माझं सांगणं चुकलं होतं. तेव्हापासून मी दोन नाणी पदरात ठेवते, एक आईचं, एक बापाचं. प्रत्येक बाळाच्या वेळी दोन्ही नव्यानं उडवायची. मागच्या वेळी काय पडलं होतं, हे नाण्याला आठवत नाही. आणि एक वाहक असेल, दुसऱ्यात हे जनुक मुळीच नसेल, तर त्यांच्या मुलाला एसएस होत नाही. ही दिलासा देणारी गोष्ट लोकांना कुणी सांगतच नाही.

हा ‘अमुक समाजाचा आजार’ आहे, असं तुम्ही ऐकाल. असं बोलू नका, लिहूही नका. मलेरिया फार होता तिथे वाहक असलेली लहान मुलं त्यातून जास्त वाचली. शास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. हे जनुक जंगल आणि डासांच्या भूगोलातून वाढलं आणि आपण जातीत लग्नं करत राहिलो म्हणून काही समाजांत ते अधिक राहिलं. त्यात कुणाचं पाप नाही.

पण घरात पाप कुणाच्या तरी डोक्यावर ठेवलं जातंच, आणि ते डोकं जवळजवळ नेहमी सुनेचं असतं. म्हणून हे प्रश्न सासूसमोर विचारू नका. वजन करायचं आहे, रक्तदाब घ्यायचा आहे, असं सांगून तिला एकटीला आत घ्या. एसएस मुलात एक जनुक आईचं आणि एक बापाचं असतं, हे मात्र दोघांना एकत्र बसवून सांगा. ‘दोष’ हा शब्द वापरू नका, ‘वाहक’ म्हणा. एकीनं सांगितलेलं तिच्या सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही. बहिणीची तपासणी गरजेची असेल तर, “तुम्ही स्वतः सांगाल का? मी सोबत येऊ का?” असं विचारा. आणि रक्ताचे अहवाल नात्याशी जुळत नाहीत असं कधी दिसलं, तर तिथेच तोंड बंद ठेवा आणि फक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. तुमच्या चेहऱ्यावरच्या आश्चर्यानं एखादा संसार मोडू शकतो.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी होते, कार्ड मिळतं. चांगलं काम आहे. पण मी अशी कार्डं पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिकांच्या खाली ठेवलेली पाहिली आहेत. पोरीचं लग्न मोडेल ही भीती. ती भीती शिबिरात जात नाही. घरी तिसऱ्यांदा गेल्यावर, पाटावर बसून चहा घेतल्यावर जाते, आणि तिथे जाणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स किंवा आशाताई असते.

एक गोष्ट राहिली. घराण्यात चालत येणारं सगळं जनुकांतूनच येतं असं नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गर्भवतींचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी, सरासरी 2.7 किलोच्या आसपास, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानं टिकून असलेली, असं त्यांना आढळलं. पुढच्या मधुमेहाची एक वाट आईच्या पोटातूनच सुरू होते. म्हणून ‘आईला शुगर, आजीला शुगर’ इतकंच लिहून थांबू नका. आजी गरोदर असताना काय खात होती, रोजगार हमीवर खडी फोडत होती का, हेही विचारा. घराण्यातून चूलही चालत येते.

पुढच्या सोमवारी तुमची कम्युनिटी पोस्टिंग सुरू होते. त्याआधी या रविवारी प्रत्येकानं आपल्या स्वतःच्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढायची. आजीजवळ बसा, नसेल तर आत्याला फोन करा. कोण कोण लहानपणी गेलं ते विचारा. काही उत्तरं येणार नाहीत, कुणीतरी विषय बदलेल, कदाचित कुणी रडेल. तुम्हांला स्वतःला विचारलं जाताना कसं वाटतं, तेही कळेल. तो कागद मला दाखवायचा नाही. जर्नलला लावायचा नाही, मैत्रिणीलाही द्यायचा नाही. त्याला मार्क नाहीत. तो तुमच्या घरचा कागद आहे, तो घरीच ठेवून या.