तोड्याची बंदूक आणि तिचे जतन

पडद्यावर दिसणारी ही लांब, सडपातळ बंदूक तोड्याची आहे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा, पेटवून ठेवायचा आणि चाप ओढून त्याचे धुमसते टोक रंजकाला, म्हणजे नळीच्या छिद्राजवळ ठेवलेल्या बारीक दारूला, लावायचे, ही तिची रीत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातील सैन्यांनी तोडा टाकून चकमक, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी रचना, स्वीकारली. आपल्याकडे मात्र किल्ल्यांवरील शिबंदी, संस्थानांची फौज आणि शिकारी एकोणिसाव्या शतकातही तोड्याचीच बंदूक बाळगत होते. याला मागासलेपण म्हणण्याची सवय आहे आणि ती न्यायाची नाही. चकमकीच्या घोड्याला कडक पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, लागते, वरचेवर बदलावी लागणारी गार लागते, आणि कमान मोडली तर ती घडवणे गावच्या लोहाराला सोपे नसते. तोड्याच्या चापात मोडण्यासारखे फारसे काहीच नसते. जेथे पैसा आणि शिस्तबद्ध पलटणी होत्या तेथे चकमक आली: पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे ती होती, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी, म्हणजे कवायती पलटणींसाठी, आग्र्याच्या कारखान्यात तशा बंदुका तयार होऊ लागल्या.

नळीवर थोडे थांबायला हवे, कारण कारागिराचे खरे कसब तेथे आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फझलने आईन-ए-अकबरीत नळी घडवण्याच्या रीती नोंदवल्या आहेत. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा नुसत्या एकमेकींना जोडल्या जात आणि बार थोडा जास्त झाला की नळी फुटे. नव्या रीतीत पत्र्याला पीळ देऊन घडीवर घडी येईल असा तो गुंडाळला जाई आणि तापवून ठोकून एकजीव केला जाई. जनावराच्या बळावर फिरणारे आणि एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करणारे चाकही त्याने वर्णिले आहे. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात अकबराने जयमल राठोडावर ज्या बंदुकीने नेम धरला तिचे 'संग्राम' हे नावही अबुल फझलच्याच लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचले. अशा पीळदार नळीवर हिराकशीचे पाणी दिले, की लोखंड आणि पोलाद कमीअधिक प्रमाणात झिजून पृष्ठभागावर लाटांची नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात, आणि उत्तम नळीचे मोल तेव्हाही त्यावरून ठरत असे.

गोव्याचे नाव या इतिहासात आदराने घ्यावे लागते. १५१० साली तेथे पोर्तुगीज सत्ता आल्यानंतर स्थानिक लोहार आणि परदेशी कारागीर यांच्या हातांखाली तोड्याच्या बंदुकांची एक वेगळी घडण तयार झाली. जपानच्या तानेगाशिमा बेटावर १५४३ साली उतरलेल्या आणि तेथील युद्धपद्धती बदलून टाकणाऱ्या बंदुका याच आशियाई घडणीच्या होत्या, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

अशी एखादी बंदूक संग्राहकाच्या हाती येते तेव्हा ती बहुधा तांबूस गंजाने माखलेली असते आणि पहिली इच्छा होते ती तिला चकचकीत करण्याची. ती इच्छा आवरली पाहिजे. नळीवर किंवा चापाच्या पट्टीवर पुष्कळदा कोफ्तगारी असते, म्हणजे लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांत सोन्याची किंवा रुप्याची तार ठोकून बसवलेली असते. हा थर इतका पातळ असतो, की पॉलिश कागदाच्या काही फेऱ्यांत तो कायमचा नाहीसा होतो. बाजारात गुळगुळीत, चांदीसारख्या चमकणाऱ्या ज्या जुन्या नळ्या दिसतात, त्यांतल्या कित्येकींवरचे कारागिराचे नाव, मालकाचा शिक्का आणि जौहर या सफाईतच गेलेले आहेत. हे नुकसान गंजाने केलेले नाही, हौसेने केलेले आहे.

हात लावण्यापूर्वी प्रत्येक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक भरलेली आहे असेच समजावे. काळी दारू कोरडी राहिली तर शेकडो वर्षांनीही पेट घेऊ शकते. लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडून तिच्यावर खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. टोक कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या छिद्रापर्यंत, पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे आणि पुढचे काम जाणकाराचेच.

त्यानंतरचे काम संथ असते. सुटी, पिठासारखी होणारी तांबडी भुकटी मऊ कुंचल्याने काढायची. घट्ट बसलेला, काळसर तपकिरी थर मात्र तसाच ठेवायचा, कारण तो स्थिर असतो. दस्त्याच्या, म्हणजे नळी बसवलेल्या लाकडी भागाच्या, लाकडावर तेल चोळण्याची प्रथा मला घातक वाटते, त्याने लाकूड काळवंडते आणि पुढे मऊ पडते. नळीला दस्त्याशी बांधणाऱ्या कातडी पट्ट्या तुटून त्यांच्या जागी पितळी तार आलेली असेल, तर तीही काढू नये: शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी ही बंदूक वापरात ठेवण्यासाठी केलेली ती दुरुस्ती आहे, आणि मूळ घडणीइतकीच ती या वस्तूची हकिकत सांगते. शेवटी लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा पातळ हात द्यायचा. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत एवढ्यावर भागत नाही. कपाटातील ओलावा सतत मोजावा लागतो.

खऱ्याखोट्याची पारख हा वेगळा अभ्यास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर साधारण १८०८ पर्यंत चार भागांत विभागलेल्या हृदयाचे चिन्ह असे, त्यानंतर सिंह आला. सिंहाशेजारी अठराव्या शतकातले साल कोरलेले दिसले, की ती वस्तू संशयाची.

कायद्याचीही मर्यादा लक्षात ठेवावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या बंदुकांना दिलेली सूट दुरुस्ती करूनही उडवता न येणाऱ्या बंदुकांसाठी आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून बंदूक पुन्हा बार काढण्याजोगी करणे हे जतनाच्या कामात बसतच नाही.

काम सुरू करण्यापूर्वीची आणि प्रत्येक टप्प्यानंतरची छायाचित्रे, निघालेल्या प्रत्येक स्क्रूची जागा, नवा बसवलेला भाग कोणता, मेण कोणते व केव्हा लावले, हे सारे नोंदवहीत तारखेसह लिहिले जाते. नव्या भागाच्या आतल्या बाजूस बदलाचे साल कोरून ठेवतात, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो मूळचा वाटणार नाही.